तान्ह्या बाळाची झोप आणि आपली जबाबदारी

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत संध्याकाळच्या आरतीनंतर दिलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा बहुतेकांना वाटलं असणार की हा रुळांवर बोलणार. साहजिकच आहे. जळगावच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला, २००१ साली ज्युनियर इंजिनिअर म्हणून झाशीला आलो आणि तेव्हापासून पी-वे एके पी-वे. तेव्हा झाशी मंडल मध्य रेल्वेत होतं. १ एप्रिल २००३ ला उत्तर मध्य रेल्वे झाली, कागदावरचं नाव बदललं, माणसं तीच राहिली. आपल्यापैकी बरेच जण असेच इथले झाले.

आज मात्र मी तान्ह्या बाळांच्या झोपेविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. जे सांगेन ते बालरोगतज्ज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून ठरवलेलं आहे, मी फक्त निरोप्या. तुमच्या बाळाबद्दल शंका असेल तर विचारायचं डॉक्टरांनाच. काही जण म्हणतील, सणासुदीला हा कसला विषय? मलाही तसंच वाटलं होतं. घरी विचारलं तर सौ. म्हणाली, "अहो, बाप्पाला विघ्नहर्ता म्हणायचं आणि विघ्नाचं नाव त्याच्यासमोर काढायचं नाही, हे कसं?" म्हणून उभा राहिलो.

२००६ चा जानेवारी

जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्यांना नसेल. आमचा पहिला मुलगा ऑक्टोबर २००५ मध्ये जळगावला सौ.च्या माहेरी झाला. अडीच महिन्यांचा झाल्यावर दोघांना इकडे आणलं. झाशीची थंडी तुम्हाला माहीत आहे. खानदेशातून आलेल्या माणसाला ती हाडात शिरते. बाळाला स्वेटर, टोपडं, पायमोजे, वर दुपटं आणि त्यावर आमचीच कापसाची रजई. पोटात वारा धरतो म्हणून कुणीतरी मायेनं सांगितलं होतं की पालथा झोपवा, शांत झोपतो. खरंच शांत झोपायचा.

त्या रात्री मी थंडीच्या पेट्रोलिंगची तपासणी करायला सेक्शनवर होतो. पहाटे गेटवरच्या फोनवर निरोप आला, लगेच घरी या. बाळ झोपेतच गेलं होतं. आदल्या संध्याकाळी हसत होतं. ताप नाही, खोकला नाही, काही नाही.

आता जे सांगतो ते एकोणीस वर्षांत चारचौघांत कधी सांगितलं नाही. मी घरात शिरलो आणि पहिलं वाक्य बोललो ते असं, "तुला कळलं कसं नाही?"

नंतर ते वाक्य कॉलनीतल्या आणखी तीन-चार तोंडांतून आलं. अंगाखाली आलं असेल, दूध पाजून तशीच झोपली असेल, दृष्ट लागली असेल, बाईचा पायगुणच तसा. पण पहिलं बोललो मी. आणि तो बोलणारा माणूस स्वतः त्या वेळी दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढत होता, थंडी म्हणून दार-खिडकी लावलेल्या त्याच खोलीत.

पोस्टमॉर्टेम झालं नाही. कुणी सुचवलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. त्यामुळे आमच्या बाळाला नेमकं काय झालं ते कधीच कळणार नाही. काही महिन्यांनी एका बालरोगतज्ज्ञांनी आम्हा दोघांना समोर बसवून पहिल्यांदा एक शब्द सांगितला आणि म्हणाले, "असंही होतं. यात आईचा दोष नसतो." तेव्हापासून मी त्या विषयाचं मिळेल ते वाचत आलो.

हे काय असतं?

त्याला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, थोडक्यात सिड्स म्हणतात. इंग्लंडमध्ये कॉट डेथ हा शब्द रूढ होता. वर्षाच्या आतलं, वरवर धडधाकट बाळ झोपेत अचानक जातं. शवविच्छेदन केलं, ते झोपलं होतं ती जागा तपासली, आधीच्या आजाराची सगळी चौकशी केली, आणि तरीही कारण सापडलं नाही, तरच हे नाव द्यायचं असा नियम आहे. हे नाव १९६९ मध्ये अमेरिकेत सिएटल इथल्या परिषदेत ठरलं. सर्वांत जास्त धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात असतो. सुमारे नव्वद टक्के घटना पहिल्या सहा महिन्यांत घडतात.

कारण सापडत नाही म्हटल्यावर करायचं काय? इथे माझं पी-वेचं डोकं चालू झालं.

आपले ट्रॅकमन बंधू समोर बसले आहेत, त्यांना हे लगेच पटेल. लांब वेल्डेड रूळ थंडीत आखडतो, ताण वाढतो, आणि रात्री-पहाटेच्या गारठ्यात फ्रॅक्चर होतं. पण प्रत्येक रूळ तुटतो का? नाही. ज्या रुळात आत कुठेतरी बारीक दोष आहे, त्यात थंडीची वेळ आली, आणि वरून गाडीचं चाक गेलं, की तुटतो. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सिड्सबद्दल जवळजवळ असाच विचार मांडला. पहिली गोष्ट, काही बाळांत मुळातच एक अदृश्य नाजूकपणा असतो. श्वास आणि जाग सांभाळणारा मेंदूचा भाग पुरेसा पक्का झालेला नसतो. दुसरी, वयाचा तो अवघड काळ. तिसरी, बाहेरून पडणारा ताण, म्हणजे पालथी झोप, तोंडावर आलेलं पांघरूण, फार उबारा, धूर. पालथ्या बाळाचं तोंड मऊ गादीत रुतलं की ते आपलीच सोडलेली हवा परत ओढतं. तुम्ही-आम्ही अशा वेळी झोपेतच मान वळवतो, जागे होतो. त्या नाजूक बाळाला जाग येत नाही.

रुळातला दोष आपण अल्ट्रासॉनिक मशीन लावून शोधतो. बाळातला हा दोष शोधणारं मशीन अजून कुणाकडे नाही. थंडी टाळता येत नाही, तसे ते चार-सहा महिनेही टाळता येत नाहीत. आपल्या हातात फक्त तिसरी गोष्ट उरते. रूळ कुठे तुटेल हे माहीत नसतं म्हणून आपण घरी बसतो का? पेट्रोलिंग करतो, कॉशन ऑर्डर काढतो. इथेही तेच करायचं आहे.

उशिरा शिकलेला धडा

यात जगाचीही एक चूक आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक घराघरांत होतं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यात सल्ला आला की बाळाला पालथं झोपवावं, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. हेतू चांगला, तर्कही बरोबर वाटणारा. लाखो आयांनी ऐकलं.

पुढे १९८७ ते १९९० या काळात न्यूझीलंडमध्ये मोठा अभ्यास झाला. पालथी झोप, आईचं धूम्रपान आणि अंगावर न पाजणं, या गोष्टी ज्या घरात तिथे धोका जास्त, असं स्पष्ट दिसलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनाही तेच दिसलं. १९९१ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवरच्या प्रसिद्ध निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचं बाळ असंच गेलं. त्या घरात रडत बसल्या नाहीत, सरकारच्या मागे लागल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'बॅक टु स्लीप' ही मोहीम सुरू झाली. बाळाला पाठीवर झोपवा, एवढाच निरोप. थोड्याच वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

अमेरिकेत १९९२ मध्ये डॉक्टरांच्या संस्थेने हीच शिफारस केली आणि १९९४ मध्ये मोहीम सुरू झाली. १९९२ मध्ये तिथे दर लाख जन्मांमागे सुमारे १२० बाळं सिड्सने जात होती, २००१ मध्ये तो आकडा ५६ वर आला. औषध नाही, ऑपरेशन नाही, खर्च शून्य. फक्त बाळाची बाजू बदलली.

दुःखाची गोष्ट पुढे आहे. २००५ मध्ये संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. पालथ्या झोपेचा धोका १९७० पर्यंतच्या आकड्यांतच दिसत होता. तेव्हाच कुणी एकत्र बेरीज केली असती तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे. माहिती होती, ती घरापर्यंत पोचली नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरी ती २००६ मध्येही पोचली नव्हती.

घरी काय करायचं?

आता कामाच्या गोष्टी. लिहून घ्यायच्या असतील तर घ्या.

१. पहिलं वर्षभर बाळाला प्रत्येक झोपेला पाठीवरच झोपवायचं, रात्री आणि दुपारीही. कुशीवरही नको, कारण कुशीवरून बाळ सहज पालथं होतं. स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागलं की झोपेत वळलं तरी सारखं सरळ करत बसायची गरज नाही, झोपवताना मात्र पाठीवरच. उलटी अडकेल ही भीती मनातून काढा. पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. आलेली उलटी चढावर जाऊन श्वासनलिकेत शिरणं कठीणच.

२. बाळ जागं असताना, आपण समोर बसून, रोज थोडा वेळ पालथं ठेवावं. मान आणि खांदे त्याने बळकट होतात, डोकंही एकाच बाजूने चपटं होत नाही.

३. गादी टणक आणि सपाट हवी. फोमची मऊ गादी, लोड, तक्क्या, मऊ खेळणी झोपेच्या जागी नकोत. डोकं गोल व्हावं म्हणून आपण मोहरीची उशी ठेवतो, तीही झोपवताना नको. झोळीत किंवा आरामखुर्चीवजा पाळण्यात बाळाची मान पुढे झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून झोप लागली की सपाट जागेवर हलवावं.

४. उबारा बेताचा. आपल्याला लागतात त्याहून एखादा कपडा जास्त, एवढं पुरे. घरात झोपताना टोपडं काढून ठेवा, बाळ आपली जादा उष्णता डोक्यावाटेच बाहेर टाकतं. सैल पांघरूण आणि मोठ्यांची रजई नकोच. दुपट्यात गुंडाळत असाल तर ते छातीशी घट्ट नको, आणि बाळ वळण्याची लक्षणं दाखवू लागलं की बंद करा.

५. धूर नको. विडी-सिगारेट घरात नाही, गच्चीवर ओढून लगेच बाळाला घेणंही नाही. गरोदरपणात तर अजिबात नाही. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी आणि झाशीच्या थंडीतली कोळशाची अंगीठी, दोन्ही बंद खोलीत घातक. अंगीठीच्या विषारी वायूने तर मोठी माणसंही झोपेत जातात. मी २००६ च्या जानेवारीनंतर सिगारेट ओढली नाही. त्यात शौर्य काही नाही, उशीर आहे.

६. बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर, निदान पहिले सहा महिने. आपल्याकडे सगळे एका अंथरुणावर झोपतात हे मी जाणतो, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये जागा तरी कुठे? तेव्हा आईच्या हाताच्या अंतरावर जमिनीवर पातळ, घट्ट गोधडी घालून द्या. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत आई-बाळाने जवळ झोपायची रीत आहे. तिथल्या लोकांनी रीत मोडली नाही, गवती पात्यांची सपाट टोपली विणून बाळाला त्यात, आईशेजारी झोपवायला सुरुवात केली. घरात कुणी धूम्रपान करतं, दारू घेतली आहे, झोपेचं औषध घेतलं आहे, किंवा बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं आहे, तर एका अंथरुणावर बिलकूल नको. आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणं सर्वांत वाईट. हे वडिलांसाठी सांगतो आहे.

७. अंगावरचं दूध. पहिले सहा महिने तेच, वरचं पाणीसुद्धा नाही. त्याने सिड्सचा धोका कमी होतो आणि जंतुसंसर्गाचाही. मधाचं बोट एक वर्षापर्यंत चाटवू नये, त्यातून दुर्मीळ पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

८. लसी वेळेवर. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी नेमक्या त्याच वयात येतात, म्हणून लोक दोष लसीला देतात. अभ्यास सांगतात की लसीमुळे सिड्स होत नाही, उलट लस घेतलेल्या बाळांत प्रमाण कमी दिसतं.

हे सगळं केलं म्हणजे शंभर टक्के हमी, असं नाही. अमेरिकेत आजही झोपेत होणारे बालमृत्यू वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. कॉशन ऑर्डर असली तरी अपघात होतो. पण म्हणून ती काढायची थांबत नाही.

आजारपण ओळखा

आपल्या देशात बाळं जास्त करून जातात ती कमी दिवसांची, कमी वजनाची म्हणून, किंवा न्यूमोनिया आणि इतर जंतुसंसर्गाने. १९७१ मध्ये देशात हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती, २०२० मध्ये २८. या कामाला मोठी वाट आपल्याच गडचिरोलीने दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासली, आणि तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताई घरी येतात त्या याच धर्तीवर. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आमच्याकडे रेल्वेचं हॉस्पिटल आहे म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका.

बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग गार लागतं किंवा ताप आहे, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त आहेत, छाती आत ओढली जाते, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा.

शेवटचं

गेल्या उन्हाळ्यात आपल्याच एका तरुण सहकाऱ्याकडे बारसं होतं. पाळणा सुंदर सजवला होता. आत फोमची गादी, दोन उशा, चार मऊ अस्वलं. मी पाहिलं. घुगऱ्या घेतल्या, आशीर्वाद दिला आणि घरी आलो. मंगल कार्यात अपशकुनी कसं बोलायचं? सौ.ने चप्पल काढता काढता विचारलं, "काही बोललात का?" म्हटलं, नाही. ती त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोधडी काखेत मारून एकटी गेली. आजींना आधी ते आवडलं नाही, साहजिकच आहे. सौ.ने त्यांना आमची गोष्ट सांगितली. तासाभराने उशा आणि अस्वलं पाळण्यातून कपाटावर गेली. ते बाळ आता साडेतीन महिन्यांचं आहे. आज इथेच आहे, आजीच्या मांडीवर, आणि माझ्या भाषणापेक्षा समईकडे त्याचं जास्त लक्ष आहे.

आमची मुलगी २००८ ची. पहिल्या रात्रीपासून पाठीवर झोपली. पहिलं वर्ष आम्ही दोघं आळीपाळीने तिचा श्वास बघत बसायचो. ती आता बारावीला आहे.

आपण इथे आई-वडील, सासर-माहेर सोडून हजार-पाचशे किलोमीटरवर राहतो. इथल्या बाळंतिणीला कॉलनी हेच माहेर. म्हणून दोनच मागणी करतो. ज्या घरी बाळ येईल तिथे जाऊन या चार गोष्टी सांगा, अपशकुन होत नाही. आणि देव न करो, कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर त्या आईला काही विचारू नका. मी विचारलेला प्रश्न तर मुळीच विचारू नका. तिच्याजवळ बसा, चहा करून द्या, आणि तिला सांगा की तुझी चूक नव्हती.

हे सांगायला मला फार वर्षं लागली. सौ. समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. आज सगळ्यांसमोर सांगतो, तुझी चूक नव्हती.



गणपती बाप्पा मोरया!